लिफ्ट पंपाची कुळकथा

रात्रभर उभी राहिलेली जुनी डिझेल जीप किंवा लँड रोव्हर सकाळी सुरू होते, थोडा वेळ चालते आणि बंद पडते. मग बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला तरी इंजिन नुसते फिरत राहते. घाटात ऐन चढावर दम तोडणारी आणि सपाटी लागली की सावरणारी गाडी हे याच दुखण्याचे दुसरे रूप. अशा वेळी पहिला संशय लिफ्ट पंपावर जातो. टाकीतले डिझेल इंजिनापर्यंत आणणे हे त्याचे काम, डिझेल पोहोचत नाही, म्हणजे तोच गेला, असा हा साधा हिशेब. हा हिशेब घाईचा आहे असे माझे मत आहे. पंप निकामी होतात, पण ज्या लक्षणांवरून त्यांना दोषी ठरवले जाते त्यांतली बरीचशी पंपाच्या अलीकडे, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत शिरणाऱ्या हवेची असतात. ही गल्लत इतकी सर्रास का होते, हे समजायला या पंपाचे कूळ तपासावे लागते. पडद्याचा हा पंप मुळात डिझेलसाठी घडलेलाच नाही. ज्या घरात तो वाढला तिथे नळीतल्या हवेने फारसे काही बिघडत नव्हते.

सुरुवातीच्या मोटारींना इंधनाचा पंपच नव्हता. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरत असे. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ मोठा असला की टाकीची पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाई आणि इंजिन उपाशी पडे. म्हणून लोक ती गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढवत. पुढे टाकी गाडीच्या मागच्या टोकाला गेली तेव्हा इंजिनाच्याच शोषणावर चालणारी व्हॅक्युम टाकी आली. ती मॅनिफोल्डमधल्या निर्वाताने पेट्रोल ओढून एका छोट्या भांड्यात साठवी आणि तिथून ते खाली उतरे. पण लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की मॅनिफोल्डमधला निर्वातच नाहीसा होतो, म्हणजे इंधनाची गरज सर्वांत जास्त असतानाच पुरवठा आटायचा. या दोन्ही अडचणींवरचा टिकाऊ उपाय 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळला: कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप. तो घरोघरी पोहोचवला एसी कंपनीने. अल्बर्ट चॅम्पियन या फ्रेंच सायकलपटूने अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात उभ्या केलेल्या धंद्यातून ही कंपनी निघाली होती, आणि एसी ही त्याच्याच नावाची आद्याक्षरे. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी हा पंप आजही ‘एसी पंप’ आहे.

त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाचा हात दाबतो आणि हात रबरी कापडाचा पडदा खाली खेचतो. वर जागा होते, आत येणारी झडप उघडते आणि इंधन आत येते. उंचवटा पुढे सरकला की हात सुटतो, पण पडद्याला वर ढकलते ती खालची स्प्रिंग. म्हणजे ओढण्याचे काम कॅमचे आणि ढकलण्याचे काम स्प्रिंगचे. पुढे जागा नसेल तर स्प्रिंग दबलेलीच राहते, पडदा खाली थांबतो आणि हात नुसता हलत राहतो. त्यामुळे इंजिन कितीही वेगाने फिरले तरी दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. कसलाही नियंत्रक न लावता साधलेली ही गोष्ट मला यंत्रशास्त्रातली एक सुंदर सोडवणूक वाटते. बाजूला हाताने पंप मारायची छोटी लिव्हर असते. तिच्यापायी एक गैरसमज नेहमी होतो. इंजिन नेमके उंचवट्याने हात दाबलेल्या स्थितीत थांबले असेल तर पडदा आधीच खाली असतो, लिव्हर सैल लागते आणि पंप मेला असे वाटते. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवला की कॅमशाफ्ट अर्धा फेरा फिरतो, उंचवटा दूर जातो आणि लिव्हरला जोर येतो. एवढे न केल्यामुळे चांगले पंप भंगारात गेले आहेत.

पेट्रोल गाडीत हा पंप जिथे इंधन टाकतो ते कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला खुले असते. पंपाने इंधनासोबत चार बुडबुडे आणले तर ते तिथे वर येऊन निघून जातात. पंपाच्या अलीकडची एखादी नळी किंचित सैल असली तरी चालकाला पत्ता लागत नाही. अशा उदार व्यवस्थेसाठी घडलेल्या यंत्राला हवेबद्दल काटेकोर राहायची गरजच नव्हती.

डिझेलचे घराणे निराळे. रुडॉल्फ डिझेलचे 1897 चे ऑग्सबर्गमधले इंजिन तर इंधन आत मारण्यासाठी दाबलेली हवाच वापरत असे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून ते इंजिन जहाजांत आणि वीजघरांत शोभले, गाडीत मावले नाही. हा अडसर काढला तो रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने. 1922 मध्ये काम सुरू झाले आणि 1927 मध्ये इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. आता हवेऐवजी निव्वळ द्रव डिझेलवर 100 बारच्या वर दाब देऊन ते नोझलमधून मारायचे होते. द्रव दाबला तर आकसत नाही, म्हणून दाब थेट नोझलच्या सुईपर्यंत पोहोचतो. तिथे हवेचा बुडबुडा असेल तर प्लंजर त्याला दाबतो, तो आकसतो, पुन्हा फुगतो आणि सुई उचललीच जात नाही. ज्या इंजिनाचा जन्म हवेच्या फवाऱ्यावर झाला त्याला एका पिढीत हवा विषासारखी झाली. शिवाय प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनांची, म्हणून आधी बारीक फिल्टर आला, आणि त्या फिल्टरमधून डिझेल ढकलायला अलीकडे कुणीतरी हवे झाले. बॉशच्या रांगेच्या पंपांवर ते काम त्याच पंपाच्या कॅमवर चालणाऱ्या छोट्या प्लंजरच्या फीड पंपाने केले. बॉशच्या भारतीय मायको पंपाच्या ट्रॅक्टरवर गोल मुठीचा हँड प्रायमर दिसतो तो याच शाखेचा.

दोन घराण्यांची गाठ पडली ती हलक्या, कच्च्या रस्त्याच्या गाड्यांत. 1957 साली लँड रोव्हरला डिझेल इंजिन मिळाले. 1961 पासून 2286 सीसीची पेट्रोल आणि डिझेल इंजिने एकाच घडणीच्या ब्लॉकवर होऊ लागली. ब्लॉकवर पडद्याचा पंप बसवायची जागा तयार असताना निराळा पंप शोधायचे कारण नव्हते. तो स्वस्त, ओळखीचा, विजेशिवाय चालणारा होता. इकडे महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतलेली विलीज जीप पेट्रोलची होती. तिची टाकी चालकाच्या सीटखाली. पुढे त्याच घडणीत डिझेल इंजिने बसली, पण टाकीची जागा आणि नळ्यांची वाट पेट्रोलच्या काळातलीच राहिली. हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या बदलानंतर पंपाच्या अलीकडच्या प्रत्येक सांध्याचे महत्त्व अनेक पटींनी वाढले, आणि दुरुस्तीच्या सवयी मात्र पेट्रोलच्याच राहिल्या.

पंपाच्या अलीकडे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे तांब्याचा वॉशर दबून गेला असेल, रबरी होज तडकला असेल किंवा गाळाच्या काचेच्या भांड्याचे पॅकिंग सुकले असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. ओला सांधा शोधायची सवय असलेला डोळा इथे फसतो आणि उरलेला आरोपी म्हणून पंपाकडे बोट जाते. गाडी उभी असताना तर याहून वेगळा प्रकार होतो. टाकी खाली आणि फिल्टर वर असेल तर नळीतले डिझेल रात्रभर स्वतःच्या वजनाने मागे खेचत असते. त्यामुळे पंपाच्या पलीकडचे, चालू असताना किंचित पाझरणारे फिल्टरचे सीलही थांबल्यावर हवा आत घेते. संध्याकाळी ओलसर दिसलेली जागा सकाळच्या अडचणीचे कारण असू शकते. शिवाय पंप ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण डिझेल वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या वर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. टाकीतली अर्धवट तुंबलेली जाळी किंवा झाकणाचे बुजलेले हवेचे भोक कोकणात खपून जाते, तिथे खपत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, पंप बदलला की गाडी बरी होते, हे रोज पाहतो. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यातच उत्तरही आहे. पंप बदलताना मेकॅनिक नवे वॉशर घालतो, नळ्या नव्याने आवळतो आणि शेवटी फिल्टरच्या व इंजेक्शन पंपाच्या स्क्रूतून सगळी हवा काढतो. गाडी बरी झाली ती या तीन कामांनीही झालेली असू शकते, श्रेय मात्र पंपाला मिळते. मूळ गळती राहिली असेल तर काही दिवसांनी दुखणे परत येते आणि ‘नवा पंपही खराब निघाला’ असा निष्कर्ष निघतो. कारण वेगळे काढायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. पंपाची आत येणारी नळी सोडवून त्या तोंडाला दुसरी नळी जोडावी, तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवावे, हवा काढावी आणि इंजिन चालवावे. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष, दोष टाकीकडे. इंजेक्शन पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा लावला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. या दोन्ही चाचण्यांना पंपाच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

पंप खरोखर जातो तेव्हा त्याची लक्षणे वेगळी असतात. पडदा फाटला तर डिझेल काही पंपांत खालच्या भोकातून टपकते, काहींत थेट चेंबरच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरची पातळी वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर बाकी चर्चा थांबवून इंजिन बंद ठेवावे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. झडपा गेल्या तर बाहेरची नळी सोडून इंजिन फिरवल्यावर ठसठशीत धार येत नाही, नुसते ओघळते. मेलेल्या पंपाने गाडी लगेच थांबतेच असेही नाही. सीएव्हीचा डीपीए किंवा बॉशचा व्हीई या फिरत्या इंजेक्शन पंपांच्या पोटात स्वतःचा पात्यांचा पंप असतो, आणि व्हीई लावलेल्या कित्येक मोटारींना लिफ्ट पंप दिलेलाच नव्हता. म्हणून लिफ्ट पंप गेलेली, व्हीई पंपाची लँड रोव्हर 300 टीडीआय टाकी भरलेली असताना चालत राहते आणि टाकी उतरल्यावर चढावर अडते.

राहता राहिला विजेच्या पंपाचा पर्याय. टाकीजवळ विजेचा पंप लावला की नळीभर दाब राहतो आणि गळती आत न जाता बाहेर, डोळ्यांसमोर येते. लँड रोव्हरने 1998 च्या टीडी5 मध्ये पंप टाकीतच ठेवला. पण जुन्या गाडीत ही जोड देताना दोन गोष्टी सोडून चालत नाहीत. पंप कमी दाबाचाच हवा, कारण फिरत्या इंजेक्शन पंपाच्या पोटातल्या दाबावर इंजेक्शनची वेळ ठरते आणि बाहेरून जास्त दाब दिला की ती बिघडते. आणि ब्लॉकवरचा जुना पंप मध्येच राहू देऊ नये. त्याचा पडदा पुढे कधी फाटला तर विजेचा पंप थेंब थेंब नव्हे, धारेने डिझेल ऑइलमध्ये ढकलत राहील. जुना पंप काढून त्या जागी पट्टी बसवावी, आणि विजेच्या पंपाची तार अशा स्विचवर घ्यावी की इंजिन थांबले की पंपही थांबेल.