चौदा कॅरटचा कायदा आणि सुवर्णकाराची मजुरी

ज्या समाजाची उपजीविका हातांच्या कौशल्यावर अवलंबून असते, त्याच्या इतिहासात लढाया आणि राज्यक्रांत्या यांच्यापेक्षा कधी कधी एखादी सरकारी आज्ञाच अधिक खोल खूण ठेवून जाते. आमच्या सुवर्णकार समाजापुरते बोलावयाचे, तर १९६३ सालच्या जानेवारी महिन्यात निघालेली सुवर्णनियंत्रणाची आज्ञा ही अशी खूण होय. संत नरहरींची पुण्यतिथी आपण भक्तिभावाने साजरी करतो, नाना शंकरशेट यांचे स्मरण अभिमानाने करतो. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या काळाने आपल्यातील सामान्य कारागिराच्या चुलीवरच घाला घातला, त्या काळाचा वृत्तांत मात्र अद्याप घरगुती आठवणींच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. तो संगतवार मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम सरकारची बाजू पाहू. कारण ती समजल्यावाचून न्याय करता येणार नाही. १९४७ पासून देशात सोन्याच्या आयातीवर बंदी होती, परंतु मागणी मात्र कायम होती. त्या वेळी जागतिक व्यवहारात सोन्याचा भाव एका औंसास ३५ डॉलर असा बांधलेला होता आणि डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैसे होता. त्या हिशेबाने १० ग्रॅम सोने सुमारे ५४ रुपयांस पडावयास हवे. आपल्या बाजारात मात्र त्याला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागत. एवढी तफावत असल्यावर चोरटी आयात होणारच, आणि तिच्यापायी देशाचे परकीय चलन बाहेर जाणारच. त्यातच १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. शस्त्रांसाठी परकीय चलनाची निकड भासू लागली. नोव्हेंबरात सुवर्णरोखे निघाले, आणि पाठोपाठ जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांच्या आधारे सुवर्णनियंत्रण जारी केले.

या नियमांनी लोकांजवळील दागिन्यांखेरीज इतर सोने जाहीर करण्याची सक्ती केली, व्यापाऱ्यांना परवान्याच्या बंधनात आणले, आणि यापुढे १४ कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास मनाई केली. यांपैकी पहिली दोन कलमे धनिकांना व पेढीवाल्यांना जाचली असतील. परंतु तिसरे कलम थेट कारागिराच्या हातावर पडले.

त्याचा अर्थ आपल्याच वजनमापांत सांगावयाचा, तर असा. ८ गुंजांचा मासा आणि १२ मासे म्हणजे एक तोळा, हे आपणांस ठाऊकच आहे. २२ कॅरटच्या १० तोळ्यांत ९ तोळे २ मासे शुद्ध सोने असते. १४ कॅरटच्या १० तोळ्यांत ते ५ तोळे १० मासेच उरते. बाकीचे ४ तोळे २ मासे म्हणजे तांबे, चांदी आदी हीण. लेकीच्या लग्नासाठी पै-पै साठविणारा शेतकरी वा गिरणीकामगार असा दागिना का घेईल? त्याच्या दृष्टीने दागिना ही नुसती हौस नव्हती. ते त्याच्या बायकोचे स्त्रीधन होते आणि दुष्काळात वा आजारपणात गहाण टाकावयाची ठेव होती. म्हणून गिऱ्हाइकाने नवा दागिना करणेच थांबविले.

दुसरी अडचण कलेची होती. बावीसकशी सोने मऊ. ते ऐरणीवर पसरते, जंत्रीतून केसासारखे ओढले जाते, ठशावर नक्षी सहज घेते. चौदाकशी धातू कठीण. त्याला ताव निराळा द्यावा लागतो, डाखही निराळा लागतो; ठोकताना तो चिरतो आणि वापराने काळवंडतो. ठुशीचे बारीक मणी, मोहनमाळेची गुंफण, पुतळ्यांची माळ, भरीव गोठ आणि पाटल्या ही सारी आपली पिढीजात कामे मऊ सोन्याच्या गुणावर उभी होती. बापाकडून मुलाने उचललेली विद्या एका आज्ञेने निरुपयोगी ठरली. आणि नवी विद्या शिकावी, तर ती शिकून केलेला माल घेण्यास गिऱ्हाईक नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हा आघात सर्वांवर सारखा झाला नाही. ज्याच्यापाशी पेढी होती, चांदीचा व्यवहार होता, थोडे भांडवल होते किंवा घरची शेती होती, त्याने तो काळ कसाबसा ढकलला. परंतु ज्याची सारी मालमत्ता म्हणजे शेगडी, फुंकणी, चिमटा आणि तराजू, ज्याला पेढीवरून सोने मिळावे तेव्हा त्याने घडवावे आणि तोळ्यावर ठरलेली मजुरी घेऊन सायंकाळी धान्य आणावे, त्या कारागिराची मजुरी एका रात्रीत नाहीशी झाली. त्याच्यावर कोणताही कर बसविलेला नव्हता. तरीही कोणत्याही करापेक्षा अधिक त्याच्याकडून घेतले गेले. उपासमारीच्या आणि सुवर्णकारांच्या आत्महत्यांच्या वार्ता त्या वर्षी वर्तमानपत्रांतून येत राहिल्या व देशभर त्यावर हळहळ व्यक्त झाली. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. सरकारने कर्जे, मुलांना शिक्षणाच्या सवलती, नोकरीसाठी वयोमर्यादेत सूट असे उपाय योजले. ते अगदीच निष्फळ होते, असे आम्ही म्हणणार नाही; आपल्यातील काही घरांत प्रथमच पगाराची नोकरी आली, ती याच वाटेने. परंतु चाळिशी उलटलेल्या, अक्षरओळख बेताची असलेल्या कारागिराला वयाच्या सवलतीचा उपयोग तो काय?

१९६३ च्या ऑगस्टमध्ये कामराज योजनेनुसार मोरारजी देसाई यांनी मंत्रिपद सोडले आणि अर्थखाते टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे आले. सप्टेंबरात नियम काहीसे सैल झाले. स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या कारागिराला गिऱ्हाइकाचे जुने दागिने मोडून त्याच कसाचे नवे घडवून देण्याची मुभा मिळाली. १९६६ साली चौदा कॅरटची अट उठली. मात्र नियंत्रण उठले नाही. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने व्यापाऱ्यास परवाना, कारागिरास प्रमाणपत्र आणि दोघांसही नोंदवह्या हे बंधन कायम ठेवले. सोन्याच्या लगडी खाजगी माणसाने बाळगण्यास मनाईच राहिली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरविली, तरी कायद्याचा सांगाडा पुढे दोन दशके उभा होता.

अखेरीस १९९० च्या अंदाजपत्रकात हा कायदा रद्द करण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो संपुष्टात आला. ती घोषणा करणारे अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते हे कोकणातील राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते, याची नोंद आपल्या समाजाने कृतज्ञतेने ठेवावी.

मग सत्तावीस वर्षांच्या या नियंत्रणाने साधले काय? सुवर्णरोख्यांना मिळालेला प्रतिसाद अपेक्षेच्या मानाने अल्प होता. चोरटी आयात थांबली नाही. उलट मुंबईच्या किनाऱ्यावर तिने आपले स्वतंत्र साम्राज्य उभारले. लोकांची सोन्याची ओढ कमी झाली नाही. आमच्या मते यातील मूळ दोष हेतूचा नसून दृष्टीचा होता. नियम करणाऱ्यांनी धातूकडे पाहिले. धातू घडविणाऱ्या हाताकडे पाहिले नाही. तस्कर समुद्रावर होता, साठेबाज तिजोरीआड होता, आणि हाती सापडला तो आळीतल्या ओसरीवर उघड्यावर बसून काम करणारा सोनार. अर्थनीतीचा बोजा जेथे सर्वांत कमी प्रतिकार होतो तेथे सरकत जातो, हा धडा केवळ आपल्याच धंद्याचा नव्हे. विणकर, कुंभार, चर्मकार अशा सर्वच श्रमजीवी बांधवांचा तो अनुभव आहे.

त्यानंतरच्या काळातही सोने व सरकार यांचा संबंध सुटलेला नाही. २०१२ व २०१६ साली अबकारी कराच्या विरोधात सराफांनी दीर्घ बंद पाळले; पैकी २०१२ चा कर मागे घेण्यात आला. २०१३ साली आयातशुल्क १० टक्क्यांवर गेले, तेव्हा चोरट्या आयातीने पुन्हा डोके वर काढले. १ जुलै २०१७ पासून सोन्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर आला. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती झाली. ही सक्ती ग्राहकाच्या हिताची आहे व प्रामाणिक कारागिराने तिला भिण्याचे कारण नाही. विशेष म्हणजे तिने मान्य केलेल्या कसांत १४ कॅरटही आहे. जो कस १९६३ साली हुकमाने लादला गेला, तो आता गिऱ्हाइकाच्या पसंतीवर सोडला आहे. आणि या दोहोंतील अंतर तेच स्वातंत्र्य व सक्ती यांतील अंतर होय.

तथापि बंद पाळावयास दुकान लागते. हिशेबनीस ठेवावयास उलाढाल लागते. आजही प्रत्येक नव्या नियमाचा खर्च पेढी आपल्या नफ्यातून सोसते, की कारागिराच्या मजुरीतून वळता करते, हा प्रश्न सरकारला विचारण्यापूर्वी आपण आपापसांत विचारला पाहिजे. ज्ञातिसंस्थेची खरी कसोटी तीच आहे. विद्यार्थ्यांना पारितोषिके देणाऱ्या संस्थेने वृद्ध कारागिरासाठी साहाय्यनिधी आणि तरुण कारागिरासाठी हिशेब, कायदा व नवीन यंत्रे यांचे शिक्षण हेही आपले काम मानावे, अशी आमची विनंती आहे.

ज्या वडीलधाऱ्यांनी १९६३ साल जाणत्या वयात पाहिले, ते आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्यापाशी बसून घराघरांतील कुटुंबीयांनी त्या वर्षाची हकीकत लिहून काढावी: कोणी धंदा सोडला, कोणी गाव सोडले, कोणाच्या घरचे भांडे विकले गेले, कोणी कोणाला मापभर धान्य दिले. सोन्याचा कस दगडावर लागतो. समाजाचा कस अशा वर्षांत लागतो. त्या कसोटीवर उमटलेली रेघ पुसून जाण्यापूर्वी तिची नोंद व्हावी, हीच संत नरहरींच्या चरणी प्रार्थना.