‘घरचे’ म्हणजे कोण? अरुणा शानभाग खटला आणि अखेरच्या उपचारांचा निर्णय

नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात बेशुद्ध रुग्ण श्वासयंत्रावर आहे; सुधारणेची आशा उरलेली नाही. उपचार थांबवावेत की नाही, हे कोणी ठरवायचे? आपल्याकडे उत्तर तयार असते: घरच्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची रीतसर कार्यपद्धती प्रथम २०११ मध्ये आखून दिली, आणि तीही अशा स्त्रीच्या खटल्यात, जिच्या खाटेशी घरचे कोणीच नव्हते.

अरुणा शानभाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढे आईवडील वारले, इतर नातलग दुरावले. वॉर्ड क्रमांक ४ मधील परिचारिकांनी मात्र त्यांना अंतर दिले नाही. ज्यांनी अरुणांना कधी चालताबोलताना पाहिलेही नव्हते, अशा परिचारिकांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही. निकालपत्राने याची आवर्जून दखल घेतली आहे.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांच्या ‘वादमित्र’ या नात्याने दयामरणासाठी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. विराणींच्या आस्थेविषयी न्यायालयाला शंका नव्हती. पण अरुणांचे खरे वादमित्र केईएमचे कर्मचारीच, असे त्याने ठरवले. आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. रक्ताच्या नात्यापेक्षा शुश्रूषेचे नाते येथे वरचढ ठरले, हेच या निकालाचे मर्म.

त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाटही उघडली. आईवडील, जोडीदार वा निकटचे नातलग, ते नसल्यास वादमित्र, यांनी निर्णय घ्यावा. परंतु उच्च न्यायालयाच्या संमतीशिवाय नव्हे. कारण रोखठोक होते: मालमत्तेसाठी नातलगच रुग्णाच्या जिवावर उठू शकतात. कुटुंबावर विश्वास आणि संशय, दोन्ही एकाच निकालात! व्यवहारात नाशिकच्या कुटुंबाला अतिदक्षता विभागातून उठून सुमारे १७० किलोमीटरवरील मुंबई उच्च न्यायालय गाठावे लागले असते.

१८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेल्या. तेव्हा दुरावलेले नातलग पुढे आले आणि अंत्यसंस्कार कोणी करायचे, यावरून परिचारिकांशी वाद उभा राहिला. अखेर एका नातलगाने आणि केईएमच्या अधिष्ठात्यांनी मिळून अंत्यसंस्कार केले.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने रुग्णाच्या स्वतःच्या लेखी इच्छेला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती आणि जिल्हाधिकाऱ्यांनी वैद्यकीय मंडळ नेमायचे होते. इतके सोपस्कार मरणासन्न माणसाच्या घरच्यांना पेलणारे नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ते सैल झाले. आता नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते, मंडळे रुग्णालय नेमते आणि संमती देणारी एकाहून अधिक नावे लिहिता येतात. ती नावे कोणाची असावीत? न्यायालयाचे शब्द आहेत: पालक अथवा निकटचे नातलग.