वादळाच्या रात्रीचे वय

कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याच्या हाती खानेसुमारीचे कागद आले की प्रथम आनंद होतो आणि थोड्याच वेळात संभ्रम. आपल्याकडे हा संभ्रम सहसा वाट्याला येत नाही. मूळ चिठ्ठ्या आकडे काढून झाल्यावर नष्ट होत. शोधकाची भिस्त त्र्यंबकेश्वर-हरिद्वारच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर. आयर्लंडमध्ये मात्र १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्यांची घरोघरची पत्रके जपली गेली आहेत. ती शेजारी ठेवून वाचली असता दिसते की, दहा वर्षांच्या अवधीत कितीतरी म्हातारी माणसे पंधरा-सोळा वर्षांनी वाढली आहेत.

याचा उलगडा १९०८ च्या वार्धक्यवेतनाच्या कायद्यात आहे. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या निर्धनांना आठवड्याला कमाल पाच शिलिंग मिळू लागले. पण सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये सुरू झाली १८६४ साली. तेव्हा सत्तरी सिद्ध करू पाहणाऱ्या एकाही अर्जदाराचा जन्म तीत नव्हता. मग ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे भयंकर वादळ आपल्याला आठवते, असे सांगणे हाच अनेकांचा पुरावा ठरला. प्लेगच्या सालावरून वय सांगणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

या वाढीव वयांना सरसकट लबाडी म्हणण्याची प्रथा आहे. मला ती उतावळेपणाची वाटते. लबाडी झाली, यात शंका नाही. परंतु १९०१ चे वयही अंदाजानेच सांगितलेले होते, आणि तेव्हा ते नेमके सांगण्याची कोणाला गरज नव्हती. पहिले वय चूक आणि दुसरे बरोबर, असेही पुष्कळदा असू शकेल.

सरकारने पडताळणीसाठी १८४१ आणि १८५१ च्या पत्रकांचा आधार घेतला. अर्जदार आईबापांची नावे व गाव कळवी. कारकून डब्लिनच्या दप्तरखान्यात ते घर शोधून त्यातील माणसे आणि त्यांची वये उतरून घेई. पुढे यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी, तो दप्तरखाना जळाला आणि ती जुनी पत्रके जवळजवळ सारी नाहीशी झाली. १८६१ व १८७१ ची आधीच नष्ट करण्यात आली होती. १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली.

उरले ते पडताळणीचे हजारो अर्ज. १८४५ नंतरच्या दुष्काळाने रिकामी केलेली घरे त्यांवरील उताऱ्यांत अजून भरलेली दिसतात : बाप, आई, पाठची भावंडे, आणि सर्वांत धाकटे, एक-दोन वर्षांचे, तेच सत्तर वर्षांनी पाच शिलिंग मागायला आलेले. कित्येक अर्जांवर मात्र शोध लागला नाही, एवढाच शेरा आहे.