लैंगिक शिक्षण व युवकांची आरोग्यसेवा, महाराष्ट्रातील

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरातील बदल, ऋतुस्राव, प्रजनन, संततिनियमन व गुप्तरोग यांची शास्त्रीय माहिती देणे आणि त्यांच्या अडचणींवर गुप्तता राखून सल्ला व उपचार उपलब्ध करणे, या दोन्ही गोष्टींचा या विषयात समावेश होतो. व्यवहारात त्यांची फारकत झाली. माहितीचा प्रश्न शाळेकडे गेला व सेवेचा रुग्णालयाकडे. महाराष्ट्रात ज्यांनी हे कार्य प्रथम हाती घेतले, त्या रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी मात्र ती दोन्ही अंगे एकत्रच सांभाळली होती.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र असलेले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले असता या विषयावरील पाश्चात्त्य विचारांशी त्यांचा निकटचा परिचय झाला. १९२१ मध्ये त्यांनी पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही याच वर्षीचे. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि या प्रचारामुळे १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले व ते अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षे, बहुतांशी स्वतःच्या खर्चाने चालविले.

या मासिकाचे खरे महत्त्व त्यातील लेखांपेक्षा वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे. जे प्रश्न घरात वडिलांना किंवा गावात वैद्याला विचारण्याची सोय नव्हती, ते लोक कर्व्यांना लिहून विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे आडपडदा न ठेवता देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते, ही त्या काळी सुशिक्षितांतही रूढ असलेली समजूत त्यांनी निराधार ठरविली. समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांनाही त्यांनी धिक्काराने उत्तर दिले नाही. आज युवकांसाठीच्या सल्लाकेंद्राकडून जी अपेक्षा केली जाते, ती मूलतः हीच होय. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील खटला नेमका या प्रश्नोत्तरांवरूनच उभा राहिला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. निकाल विरुद्ध गेला व दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडण्यात आला, तोही फेटाळला गेला. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी याच सुमारास हे कार्य स्वीकारले आणि नंतर विधान परिषदेत व राज्यसभेत त्याचा पाठपुरावा केला.

स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम अंगीकारला. हा मोठाच पालट होता. परंतु कार्यक्रमाचे लक्ष्य विवाहित जोडपी हे होते आणि अविवाहित तरुणाला त्यात जागा नव्हती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातही गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण केवळ विवाहित स्त्री व तिचा पती यांच्यासंबंधातच मान्य होते. हे शब्द बदलण्यास २०२१ साल उजाडावे लागले. मधल्या काळातील पोकळी काही अंशी स्वयंसेवी संस्थांनी भरून काढली. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संघाने १९७८ मध्ये लैंगिक शिक्षण व समुपदेशनाचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जगभर गाजले. ९२ टक्के स्त्रियांत एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. लाजेखातर न बोललेले दुखणे किती असते, याचा तो पहिला सज्जड पुरावा म्हणता येईल.

एड्सच्या प्रसारानंतर शाळांतून हा विषय शिकविण्याचा आग्रह वाढला. तथापि केंद्र शासनाचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रात विरोधामुळे थांबविण्यात आला. हस्तपुस्तिकांतील चित्रे हे आक्षेपाचे एक प्रमुख कारण होते. कर्व्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठांवरून उठलेल्या वादळाची येथे आठवण होते. आरोग्यखात्याचे काम त्यामानाने निर्वेधपणे पुढे सरकले. जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्याखालील सल्लाकेंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात.

अशा सेवेची कसोटी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत विशेष लागते. मुंबईपासून कर्जत लोहमार्गाने सु. १०० किमी. आहे. खोपोली व परिसरात कारखानदारी आहे. परंतु लोहमार्गापासून दूर, डोंगरांच्या कुशीत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे मुलांची शाळा सुटते आणि शाळेतून मिळणारी माहितीही सुटते. मुलींचे लग्न लवकर होते. राज्यात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २१·९ टक्के होते. त्याआधीच्या पाहणीत ते २६·३ टक्के होते.

येथे कायदा आणि उपचार यांचा पेच पडतो. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी आलेला शरीरसंबंध हा गुन्हा असून त्याची खबर देणे डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अल्पवयीन पत्नीच्या पतीलाही सूट राहिली नाही. मुलींच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण सतरा वर्षांची गरोदर मुलगी रुग्णालयात नेली तर जावयावर गुन्हा नोंदविला जाईल, या भीतीने नातेवाईक कचरतात आणि जोखमीचे बाळंतपण वाडीतच उरकले जाण्याचा संभव वाढतो. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यातून काही वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना खबर देताना डॉक्टरने तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. ही मुभा गर्भपातापुरती आहे. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीबाबत तसा उल्लेख त्यात नाही.