पांढरीखालचे पाणी

मराठवाड्याच्या इतिहासात दुष्काळावर पुष्कळ लिहिले गेले. पुरावर फारसे कुणी लिहिले नाही. बीड जिल्हा म्हटले की कोरडे पात्र आणि पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर येतो. या जिल्ह्यात माणसे पुरातही मरतात, हे सांगितले तर ऐकणारा नवलाने पाहतो. माझा जन्म सिंदफणेच्या काठी, एका महारवाड्यात झाला. पुराची पहिली खबर गावाला आमच्याकडूनच मिळायची, कारण पाणी आधी आमच्या चुलीत यायचे.

आधी भूमी पाहू. बालाघाटाच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर घाटमाथा, खाली गोदावरीची गंगथडी. पाटोद्याच्या डोंगरात सिंदफणा उगम पावते आणि मांजराही तिथूनच निघते. बिंदुसरा बालाघाटातून उतरून बीड शहर दुभागते व पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीत जाते. डोंगर काळ्या खडकाचा, वर मातीचा थर पातळ, झाडी तुटलेली. पाणी मुरायला जागा नाही. वर्षाचा पाऊस कमीच, पण त्यातला मोठा वाटा दोन-चार दिवसांत कोसळला की ओढे एकदम फुगतात. उतार तीव्र, नद्या आखूड; म्हणून इथला पूर अंगावरच येतो. दुष्काळ आणि पूर ही या उघड्या डोंगराची दोन फळे आहेत.

हे झाले निसर्गाचे. पण पाणी कुणाच्या घरात शिरते, हे निसर्ग ठरवीत नाही. जुने गाव पांढरीवर वसते. पिढ्यान् पिढ्या मातीची घरे पडून-उभी राहून तयार झालेला तो उंचवटा. त्यावर पाटलाची गढी, भोवती गावकूस. गावकुसाबाहेर, बहुधा उताराला, महारवाडा आणि मांगवाडा. गावाचे सांडपाणी जिकडे जाते, तिकडेच आमची वस्ती. सगळीकडे अशीच रचना असेल असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी वस्तीची जागा स्वतः निवडली त्यांना उंचवटा मिळाला आणि ज्यांना जागा नेमून दिली त्यांना उतार. माझी आजी म्हणायची, "गाव उंचावर बसलं, अन् आपल्याला पाण्याच्या राखणीला ठेवलं." जातिव्यवस्थेचा नकाशा इतक्या थोडक्यात मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही.

आता राज्यकर्त्यांचे पाहू. 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. 28 सप्टेंबर 1908 रोजी याच राज्याच्या राजधानीत मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे गेल्याचे सांगतात. मग विश्वेश्वरय्यांना बोलावले, आणि उस्मान सागर व हिमायत सागर ही धरणे बांधली गेली. म्हणजे पूर अडवता येतो, हे त्या काळीही ठाऊक होते. प्रश्न एवढाच की कुणासाठी अडवायचा.

23 जुलै 1989 रोजी बिंदुसरेला पूर आला. बीड शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, अनेक माणसे गेली. वर पालीला धरण होते, पण ते शेतीच्या आणि शहराच्या पाण्यासाठी. नदीच्या कडेला मात्र दरम्यानच्या काळात माणूस वसला होता. तो हौसेने वसला नव्हता. खेड्यात जमीन नाही, शहरात जागेला पैसा नाही. मग उरते ते नदीचे पात्र. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला आणि पुन्हा उतारालाच राहिला.

जायकवाडी झाली, माजलगाव झाले, मांजरा झाले. सिंचन वाढले हे खरे. पण धरणाने पुराचे वेळापत्रकही बदलले. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांतील गोदाकाठची गावे पाण्यात गेली. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा, बिंदुसरा, गोदावरी साऱ्याच चढल्या. आष्टी तालुक्यात माणसे काढायला लष्कराचे हेलिकॉप्टर आणावे लागले.

पूर ओसरला की पंचनामा येतो. मी शाळेत असताना चुलत्याची भिंत पडली, भांडी वाहून गेली. लिहून घ्यायला आलेल्या माणसाने विचारले, "घरजागेचा कागद?" कागद नव्हता. नोंद झाली नाही. शेताचे नुकसान मोजायला सातबारा लागतो. भूमिहीनाचे काय मोजणार? गेलेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहिणार? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे दार तर बंदच असते. ज्याचे नुकसान कागदावर येत नाही, त्याचा पूर इतिहासातही येत नाही.

बाबासाहेबांचे या बाबतीतले काम आपल्या कार्यकर्त्यांनीही पुरेसे वाचलेले नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 च्या दामोदरच्या पुरानंतर, त्यांनी त्या खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या परिषदेत ते ओरिसाच्या नद्यांवर बोलले. जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने माणूस अधिक हाल सोसतो. म्हणून पुराचे पाणी हाकलून देऊ नका, साठवून लोकांच्या कामी लावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. बीडसाठी याहून नेमका विचार कोणता असेल? 1972 साली या डोंगरात खडी फोडणारे आणि नालाबंडिंगची माती वाहणारे हात भूमिहीनांचेच होते. पाणी अडवले त्यांनी. भिजले रान दुसऱ्याचे.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. कसण्यासाठी जमीन, ही ती मागणी होती. तिला आज आणखी एक जोड द्यावी लागेल: राहण्यासाठी उंच जमीन, आणि तिचा आपल्या नावाचा कागद. शिक्षक-विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. आपापल्या गावात जा, पुराचे पाणी कुठवर आले होते ते म्हाताऱ्यांना विचारा, आणि त्या रेषेखाली कुणाची घरे आहेत ती मोजा. तो नकाशा हाती आला, की "नैसर्गिक आपत्ती" या शब्दातले नैसर्गिक किती आणि आपल्या समाजाने घडवलेले किती, हे वेगळे सांगावे लागणार नाही.