गायरानात गाजर गवत कसे शिरले?

गायरानात पांढऱ्या फुलांचे जे गाजर गवत माजलेले दिसते ते आपल्या मातीतले नव्हे. त्याचे मूळ घर मेक्सिकोकडचे. १९५५ साली पुण्यात ते प्रथम अभ्यासकांच्या नजरेत भरले, १९५६ साली त्याची नोंद छापून आली आणि पुढे बघता बघता ते देशभर पसरले.

लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात आणि पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर आले असे सांगतात. गव्हातून बी आले असेलही. पण तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत तर आदल्या वर्षीच उगवलेले! अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, हे विसरू नका.

खरे म्हणजे बी कुठूनही येवो, त्याला जागा दिली ती आपल्या चराईने. गुरे शक्यतो याला तोंड लावत नाहीत. चांगले गवत मुळापर्यंत ओरबाडले जाते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर हे महिना-दीड महिन्यात फुलावर येते. एकेक झाड हजारो बिया टाकते. भुकेल्या जनावराने खाल्लेच तर दूध कडवट लागते, कातडीला खाज सुटते. माणसालाही पुरळ उठते, दमा लागतो.

१९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला एक भुंगा आणला. पांढुरके पंख, त्यावर गडद तपकिरी रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या या गवताची पाने फस्त करतात. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच ओरड झाली. तपासाअंती कळले ते असे, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले की भुंगा फसून ती पाने कुरतडतो. दोन्ही झाडे एकाच कुळातली ना! म्हणजे सूर्यफूल वाचवायचे तर बांधावरचे गाजर गवत आधी काढा.

भुंगे खात असतील तिथे फवारणी करू नका. हिवाळ्यात ते मातीत दडतात, तेव्हा त्यांच्यावर भिस्त नको. पावसाळ्यात ओल असताना, फुलापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. रस्त्याकडेला तरोट्याचे बी फेकतात ते ठीक, पण गुरे तरोटाही फारसा खात नाहीत. गायरानात मारवेल किंवा पवन्याच लावा आणि ते मूळ धरीपर्यंत तेवढ्या तुकड्यात गुरे सोडू नका.