अजिंठा : स्मिथची सही आणि आपण

मंडळी, आज अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात थांबू. २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ इथं पोचला आणि त्यानं चित्रावरच आपलं नाव कोरलं. ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर दिसतात. कारण तेव्हा लेण्यात ढिगारा साचला होता, तो त्यावर उभा होता. पुढं चित्रं टिकावीत म्हणून व्हार्निश लावलं, तेच पिवळं पडलं. म्हणजे नुकसान काळजीपोटीही होतं.

आज फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून बसनं जावं लागतं, तर आपण कुरकुरतो. पण गर्दीच्या श्वासाचा ओलावासुद्धा त्या मातीच्या गिलाव्याला सोसत नाही. स्मिथची सही दिसते तरी. आपली दिसत नाही, एवढाच फरक.